कोपानचा तेरावा राजा : कर्ता की करंटा?

होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सरहद्दीलगत, कोपान नदीच्या खोऱ्यात माया लोकांची एक राजधानी होती. इ. स. ४२६ पासून जवळजवळ चार शतके तिथे एकाच गादीवर सोळा राजे बसले. त्यांतला तेरावा वाशक्लाहून उबाह काविल. तो ६९५ साली गादीवर आला आणि ४३ वर्षे राज्य करून ७३८ साली मारला गेला, तेही आपणच गादीवर बसवलेल्या मांडलिकाकडून. जुन्या पुस्तकांत तो 'अठरा ससा' अशा चमत्कारिक नावाने भेटतो, कारण त्याच्या नावातले एक चित्राक्षर पूर्वी सशाचे समजले जाई.

या राजावरून काका-पुतणीत झालेला हा वाद. नाना निवृत्त उपजिल्हाधिकारी. जमीन, रस्ते आणि हद्दी यांच्या फायलींत त्यांची हयात गेली. वसुधा शिल्पकार, दगडात काम करणारी. कोपान आणि त्या मांडलिकाचे किरिग्वा ही दोन्ही ठिकाणे तिने पाहिली आहेत.

नाना : तू दिलेली पुस्तकं वाचली, फोटोही पाहिले. शिल्पं देखणी आहेत, त्यावर वाद नाही. पण ज्या राजाचं मुंडकं त्याच्याच मांडलिकानं उडवलं, त्याला तू थोर म्हणतेस? मग नालायक कुणाला म्हणायचं?

वसुधा : काका, तुम्ही निकाल आधी लिहिलात, सुनावणी आता घेताय. ४३ वर्षांच्या कारभारातला शेवटचा आठवडा तेवढा तुम्हाला दिसतोय.

नाना : शेवटचा आठवडा आभाळातून पडत नाही. त्याची तयारी आधी बरीच वर्षं चाललेली असते, आणि वर बसलेल्याला ती दिसली नाही तर दोष त्याचाच. बरं, घे सुनावणी. त्याच्या हाती काय आलं, तिथून सुरू करू. आधीचा राजा बारावा, काक उती वित्स काविल. ६२८ ते ६९५, म्हणजे ६७ वर्षं तो गादीवर होता. ६५२ च्या सुमारास त्यानं खोऱ्याच्या दोन्ही अंगांना, डोंगरउतारांवर शिलास्तंभ उभे केले. ते हद्दीचे होते की सूर्य कुठं मावळतो ते पाहण्यासाठी होते, यावर अभ्यासक भांडोत बापडे. मला एवढंच दिसतं की हा माणूस आपल्या मुलखात फिरत होता. त्याचं नाव किरिग्वातल्या दगडावरही आहे. आणि तेराव्याचे स्तंभ? बहुतेक सगळे एकाच चौकात, राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावर. बारावा दौऱ्यावर असायचा आणि तेरावा मुख्यालयात, असा सरळ हिशेब आहे.

वसुधा : मुद्दा चोख आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावताय तोच असेल असं नाही. बारावा लोकांकडे गेला. तेराव्यानं लोकांना आपल्याकडे आणलं. तो चौक बघितलात तर कळेल, हजारो माणसं सहज मावतील एवढा मोकळा आहे. तिथं ठरावीक कालखंड संपला की विधी व्हायचा, धूप जळायचा, राजा स्वतःचं रक्त देवांना द्यायचा. माया राज्यात राजा कर गोळा करणारा मुकादम नव्हता. काळ पुढे सरकतो तो त्याच्या हातून, अशी लोकांची श्रद्धा होती. ती श्रद्धा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवणं हाही कारभारच ना?

नाना : कारभाराची जाहिरात म्हण.

वसुधा : जाहिरात म्हणा. पण त्यानं कामाला सुरुवात केली ती पूर्वजाच्या मानापासून. बाराव्याला पुरलं ती खोली १९८९ साली उत्खननात सापडली. तिच्याबाहेर बसलेल्या माणसांच्या आकाराची झाकणं असलेली बारा मातीची धूपपात्रं मिळाली. ते आधीचे बारा राजे असावेत असं मानतात. त्या थडग्यावरच्या मंदिराला तेराव्यानं ७१० साली कोरीव लेखाचा जिना घातला. आपण कुणाच्या पाठीवर उभे आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नाना : आता तुझ्या शिल्पांवर ये. नाहीतरी तू तिथं येणारच आहेस.

वसुधा : येणारच. कोपानचा दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा थर घट्ट होऊन झालेला, हिरवट छटेचा. खाणीतून काढताना तो मऊसर असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. बाकीच्या बऱ्याच माया नगरांत चुनखडीवर उठावाचं काम आहे. इथं तेराव्याच्या कारागिरांनी दगड इतका खोल काढला की राजा स्तंभातून बाहेर येऊन उभा राहिलाय. हात, गुडघे, पायांतल्या वहाणांच्या गाठीसुद्धा सुट्या दिसतात. आणि या माणसांकडे लोखंड नव्हतं, काका. दगडानं दगड फोडायचा, दगडानंच घासायचा. त्यात या खडकात मध्येच गारेसारख्या टणक गाठी निघतात. माझ्या हातात पोलादी छिन्नी असते, तरी अशी गाठ आली की दिवस फुकट जातो.

नाना : ७३० सालचा तो 'एच' स्तंभ, त्यातली बाई कोण? राणी?

वसुधा : बाई नव्हे, राजाच! मण्यांच्या जाळीचा घागरा पाहून जुने अभ्यासकही तुमच्यासारखेच फसले होते. तो मक्याच्या देवाचा वेष आहे. मका पेरला जातो, मरतो, पुन्हा उगवतो. राजा तो वेष घालून तेच सांगतो. प्रत्येक स्तंभावर त्यानं वेगळं सोंग घेतलंय. 'सी' स्तंभाच्या दोन्ही तोंडांवर तोच आहे, आणि त्यावरचा लाल रंग तेराशे वर्षांनंतरही जागोजागी टिकून आहे. पण मला सगळ्यांत जास्त वेळ थांबवलं ते 'डी' स्तंभाच्या मागच्या बाजूनं. तारीख लिहायला माया लोकांना काही ठिपके आणि आडव्या रेघा पुरायच्या. इथं तसं नाही. प्रत्येक आकडा एक देव आहे, प्रत्येक कालखंड एक प्राणी किंवा पक्षी, आणि ती जोडी एकेका चौकटीत एकमेकांना धरून, रेलून, कुशीत घेऊन बसलीय. कालखंड म्हणजे ओझं, ते कपाळावरच्या पट्ट्यानं पाठीवर वाहायचं आणि मुक्कामाला उतरवून ठेवायचं. एका तारखेसाठी एवढा खटाटोप!

नाना : तारीख कुठली?

वसुधा : ७३६ मधली. पाच वर्षांचा एक कालखंड पुरा झाला, त्याची.

नाना : सालाकडे लक्ष ठेव. मी पुन्हा त्यावर येणार आहे. त्याआधी ते हत्तीचं प्रकरण सांग. लहानपणी आम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं की माया म्हणजे आपला मयासुर, आणि त्यांच्या दगडांवर हिंदुस्थानी हत्ती आहेत.

वसुधा : ते हत्ती याच राजाच्या 'बी' स्तंभावरचे! स्तंभाच्या वरच्या कोपऱ्यांत लांब वळलेल्या सोंडेसारखं काहीतरी आहे आणि वर छोटी माणसं आहेत. ग्रॅफ्टन एलियट स्मिथ या मोठ्या शरीरशास्त्रज्ञानं तो हत्ती आणि वर बसलेला माहूत ठरवला; १९२४ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. खरं तर ती मकाव पोपटाची चोच आहे. नाकपुडी, डोळ्याभोवतीचं वर्तुळ, सगळं त्या पक्ष्याचं. स्तंभावरचा लेखही मकाव-डोंगराचं नाव घेतो. हे पक्षी आजही कोपानच्या दारातल्या झाडांवर कलकलाट करतात. हत्तीसाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती. मान वर केली असती तरी भागलं असतं.

नाना : चला, मयासुराची फाईल बंद. आता माझी बाजू ऐक. कोपानपासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर किरिग्वा, मोताग्वा नदीच्या काठी. त्या नदीच्या खोऱ्यात जेड सापडतो. माया लोकांना जेड म्हणजे सोन्याहून पिवळं. ज्वालाकाचेची पाती, कोकोच्या बिया, सगळा माल त्या वाटेनं कॅरिबियन समुद्राकडे उतरायचा. म्हणजे कोपान ही गादी आणि किरिग्वा हा नाका. नाका ज्याच्या हातात, त्याच्याकडे तिजोरीची किल्ली. ७२४ साली तेराव्यानं तिथं काक तिलिव चान योपात नावाच्या माणसाला बसवलं. बरोबर?

वसुधा : बरोबर. ते त्या मांडलिकानंच आपल्या स्तंभावर लिहून ठेवलंय की आपण तेराव्याच्या देखरेखीखाली गादीवर आलो.

नाना : पुढे चौदा वर्षं तेरावा काय करतो? एकामागून एक स्तंभ. ७२६, ७३०, ७३१, ७३६. ७३१ च्या 'ए' स्तंभावर तर चार दिशांच्या चार थोर राजधान्यांची नावं कोरतो : कोपान, तिकाल, कालाकमूल, पालेंके. आपण कुणाच्या पंगतीला बसतो ते जगाला दिसावं म्हणून. आणि तुझं ते ७३६ साल. तो चौकात काळाच्या ओझ्याचे देव कोरून घेत होता, त्याच वर्षी किरिग्वाचं कालाकमूलशी सूत जुळलं होतं. त्यांच्याच दगडावर कालाकमूलच्या राजाचं, वामाव काविलचं, नाव आहे. ज्याचं नाव यानं पाच वर्षांपूर्वी बरोबरीच्या नात्यानं कोरलं, तो याच्या हाताखालच्या माणसाशी परस्पर बोलणी करतोय, आणि याला पत्ता नाही. सरहद्दीची बातमी ज्याला शेवटी कळते, त्याची गादी पहिल्यांदा जाते.

वसुधा : थोडं सबुरीनं. किरिग्वाचा तो 'आय' स्तंभ ८०० सालचा आहे. घटनेनंतर साठहून जास्त वर्षांनी, तिथल्या नंतरच्या एका राजानं कोरलेला. आजोबांच्या पराक्रमाला मोठ्या दरबाराचा पाठिंबा होता असं दाखवायला नातवंडांना आवडतंच. कालाकमूलचा संबंध आला एवढं मान्य. पण फास कालाकमूलनं विणला, हे तुम्ही घातलेलं आहे.

नाना : कालाकमूलला कारण होतं की! कोपानचे जुने लागेबांधे तिकालशी. आणि तेरावा गादीवर आला त्याच ६९५ साली तिकालनं कालाकमूलला जबर हरवलं होतं. तिकालच्या मित्राचं नाक कापायची संधी कोण सोडेल? पुरावा अपुरा म्हण, पण हेतू अपुरा नाही.

वसुधा : हेतूवर शिक्षा देता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. बरं, तो शेवट सांगते, कारण तो तुम्ही घाईनं सांगाल. ७३८ च्या जानेवारीत तेराव्यानं कोपानचं नवं चेंडूचं मैदान पुरं केलं. दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती, वर मकाव पक्ष्यांची दगडी शिल्पं, मधोमध जमिनीत कोरीव गोल फरशा. माया भूमीतल्या देखण्या मैदानांपैकी ते एक. चार महिनेही झाले नाहीत तोवर किरिग्वाचा घाव पडला. तिथले लेख सांगतात की आधी कोपानच्या दोन देवांच्या मूर्ती जाळल्या गेल्या, आणि काही दिवसांनी, ३ मे ७३८ रोजी, कुऱ्हाडीचं चित्राक्षर येतं. त्याच्यापुढे तेराव्याचं नाव.

नाना : देवांच्या मूर्ती तिथं कशा पोचल्या?

वसुधा : तिथंच खरी गोम आहे. कोपान शहर ७३८ मध्ये जाळलं-लुटलं गेल्याची खूण सापडत नाही. म्हणजे राजा आणि देव दोघंही शहराबाहेर सापडले. माया राजे लढाईत आपले देव बरोबर नेत. एक तर्क असा आहे की नव्या मैदानाच्या पूजेसाठी कैदी हवे होते, म्हणून तेरावा मोहिमेवर निघाला आणि दगाफटका झाला.

नाना : म्हणजे पुन्हा समारंभच! माणूस खेळाच्या मैदानाच्या उद्घाटनापायी मेला.

वसुधा : तर्क आहे म्हटलं मी. तुम्हाला सोयीचा झाला की लगेच पुरावा होतो का? आणि कोपानचं म्हणणं वेगळं आहे. तिथला नंतरचा लेख त्याचं मरण लपवत नाही. गारेचं हत्यार आणि ढाल हाती असताना, युद्धात, त्याचा श्वास थांबला असं म्हणतो. किरिग्वा म्हणतं कापला. कोपान म्हणतं लढता लढता गेला.

नाना : जिंकलेला बढाई मारतो, हरलेला झाकपाक करतो. दोघांचे जबाब घेऊन मधलं सत्य काढायचं, हे काम मी जन्मभर केलं. दोन्ही जबाबांत एक गोष्ट सारखी : माणूस गेला तो हिंसेनं गेला. बाकी सारं दोन्ही बाजूंचं वकीलपत्र.

वसुधा : पण हे जबाब आपल्याला वाचता येतात, हेच केवढं नवल! कोपानमध्ये 'क्यू' नावाची एक चौकोनी वेदी आहे. चार बाजू, प्रत्येकीवर चार, अशी सोळा माणसं मांडी घालून बसलेली. विसाव्या शतकात बराच काळ पंडित सांगत होते की ही खगोलशास्त्रज्ञांची परिषद आहे. पंचांग दुरुस्त करायला जमलेत! माया म्हणजे ग्रहतारे मोजणारे शांत पुरोहित, त्यांना राजे नाहीत, लढाया नाहीत, अशी समजूत होती. १९६० साली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ या बाईंनी पिएद्रास नेग्रास या दुसऱ्या माया नगरातल्या स्तंभांवरच्या तारखांचं अंतर तपासून दाखवलं की त्या माणसांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या तारखा आहेत. मग ते सोळा ज्योतिषी एका झटक्यात सोळा राजे झाले.

नाना : त्याआधी तर हे सगळं गावच ५० डॉलरला विकलं गेलं होतं ना? मला तो भाग फार आवडला.

वसुधा : आवडणारच! १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड रान तोडत तिथं पोचले. जमिनीचा कब्जा ज्याच्याकडे होता, त्याला स्टीफन्सनं ५० डॉलर दिले. त्या माणसाला वाटलं, गिऱ्हाईक वेडं आहे. कॅथरवुडला मात्र सुरुवातीला चित्रंच जमेनात. युरोपात शिकलेला हात, आणि समोर तेराव्याचे स्तंभ. कुठली रेघ पोशाखाची, कुठली माणसाची, तेच उमगेना.

नाना : ५० डॉलरचा खरेदीव्यवहार, आणि फेरफार नोंद कुठेच नाही! असो. आता मला सांग, जिंकलेल्यानं पुढे काय केलं? कारण मला वाटतं, तुझा खरा मुद्दा तिथं आहे.

वसुधा : अचूक ओळखलंत. काक तिलिव पुढे ४७ वर्षं राज्य करतो, ७८५ पर्यंत. किरिग्वा आधी लहानसं ठाणं होतं. त्यानं तिथं भला मोठा चौक काढला आणि त्यात स्तंभ लावायला घेतले. चौक कुणासारखा? कोपानसारखा. स्तंभावरचा राजा कसा उभा? समोर तोंड करून, छातीशी अधिकारचिन्ह धरून, तेराव्यासारखा. फक्त दगड वेगळा, तिथला वाळूचा खडक. त्यात कोपानची खोली नाही येत, मग त्यानं उंची वाढवली. ७७१ चा त्याचा 'ई' स्तंभ एकूण साडेदहा मीटरहून लांब आहे, माया जगातला सगळ्यांत उंच. ज्याचं डोकं उडवलं, त्याचीच नक्कल जन्मभर केली, आणि पुन्हा पुन्हा ३ मे ७३८ ची तारीख कोरत बसला.

नाना : जिंकलेला राजा हरलेल्याचा पोशाख घालतो, हे काही नवं नाही. मोताग्वाची वाट त्याच्या हातात आली, जेडचा पैसा आला, म्हणूनच तर साडेदहा मीटरचा दगड आणता आला. पैसा आधी, दगड मागून.

वसुधा : मान्य. पण पैसा कशावर घालवावा, हे त्याला कुणी शिकवलं? आज ग्वाटेमालाच्या दहा सेंटाव्होच्या नाण्यावर किरिग्वाचा स्तंभ आहे आणि होंडुरासच्या एक लेम्पिराच्या नोटेवर तेराव्याचं चेंडूचं मैदान. मारणारा आणि मरणारा दोघंही चलनात आहेत.

नाना : नाणं चिल्लर, नोटही लहानातली. पुढे चल. तुझ्या राजामागं कोपानचं काय झालं, ते बोल. मला त्याचा वारस जास्त आवडला.

वसुधा : चौदावा? त्यानं तर एकही स्तंभ उभारला नाही!

नाना : म्हणूनच! काक होप्लाह चान काविल. दीड महिन्याच्या आत गादीवर बसला, म्हणजे घराणं मोडू दिलं नाही. तिजोरी रिकामी, नाका गेलेला. अशा वेळी तो सणसमारंभ बंद ठेवतो. आणि ७४६ च्या सुमाराला एक वेगळीच इमारत उभी राहते. भिंतींवर चटईची नक्षी, गावागावांची चिन्हं, त्यांवर बसलेली माणसं. पंचांना बोलावून सल्ला घेण्याची जागा, असा उत्खनकांचा कयास आहे. सगळ्यांना तो पटत नाही, हेही वाचलं मी. पण मला पटतो. तेराव्याच्या काळात एकच माणूस सगळीकडे : पुढे तोच, मागे तोच. चौदाव्यानं सरदारांना मांडीला मांडी लावून बसवलं. मोठ्या अपयशानंतर चांगला अधिकारी हेच करतो.

वसुधा : आणि सरदार एकदा मांडीला मांडी लावून बसले की उठत नाहीत. पुढे कोपानमध्ये बड्या लोकांच्या घरांत कोरीव आसनं, लेख, स्वतःची बढाई सुरू झाली. केंद्र ढिलं पडलं त्याची एक वाट तिथूनही जाते. तुमच्या पंचायतीची किंमत कुणी मोजली?

नाना : हं. हा टोला बसला.

वसुधा : आता पंधराव्याकडे या. काक यिप्याह चान काविल, ७४९. तो तुमच्या चौदाव्यासारखा गप्प बसत नाही. बाराव्याच्या थडग्यावर तेराव्यानं जो जिना बांधला होता, तोच वाढवून ७५५ साली पुरा करतो. साठाहून जास्त पायऱ्या, सुमारे २,२०० चित्राक्षरं. माया जगातला सगळ्यांत लांब कोरीव लेख. मधून मधून पूर्वज राजे बसवलेत, हातांत भाले, योद्ध्यांच्या वेषात. आणि त्या लेखात तेराव्याचं मरण आहे. सतरा वर्षं या शहरानं नाव घेण्याजोगा दगड उभा केला नव्हता. तोंड उघडलं ते घराण्याची आख्खी वंशावळ सांगायला, आणि त्यात आपल्या सगळ्यांत मोठ्या नामुष्कीला पायरी दिली. हे ज्यावर रचलं तो पाया, ते कारागीर, ती शैली, सगळं तेराव्याचं होतं. चौक नसता, मैदान नसतं, तर कशाच्या जोरावर हे घराणं पुन्हा उभं राहिलं असतं?

नाना : पण त्या जिन्याच्या आतली भर सुमार होती, हे तू सांगितलं नाहीस. वरून कोरीव काम, आत सुटे दगड नि माती. पुढे बहुतेक पायऱ्या घसरून खाली आल्या. १९३० च्या दशकात कार्नेगी संस्थेच्या लोकांनी परत लावल्या, पण खालच्या मोजक्या सोडल्या तर क्रमच हरवलेला. मी आयुष्यात बरीच बांधकामं तपासली. दर्शनी भिंत झकास आणि आत भुसभुशीत असेल तर ठेकेदाराची ऐपत संपलेली असते. नाका गेल्याची जखम त्या भरावात दिसते.

वसुधा : दिसते, नाही म्हणत नाही. मोताग्वाची वाट कोपानच्या हातून गेली आणि त्याची वसुली दगडांतून झाली नाही. तेराव्याला आपल्या मांडलिकाची नस कळली नाही, हेही खरं. मी त्याला धोरणी म्हणणार नाही.

नाना : आणि मी कबूल करतो की दोन नाके सांभाळणारे राजे पैशाला पासरी झाले, त्यांची नावं आपण दोघं आज घेत नाही. तरी एक सल राहतोच. हे दगड वाहणारी माणसं. ना बैल, ना गाडी. ओझं सगळं माणसाच्या पाठीवर, कपाळावर पट्टा लावून. तुझ्या 'डी' स्तंभावरचे ते देव कुणाला पाहून कोरले असतील?

वसुधा : तोच प्रश्न मलाही पडला होता. उसुमासिंता नदीकाठच्या पिएद्रास नेग्रासमध्ये शिल्पकारांनी दगडावर सह्या केल्यात. इथल्या चौकात गाजतं ते राजाचं नाव. शिल्पकार म्हणून ते मला खुपतं. पण ज्यानं 'डी' कोरला त्यानं आकड्यांना घाम फोडलाय, त्यांना थकवून बसवलंय. राजानं ते मंजूर केलं. एवढं तरी त्याच्या खात्यावर घाला.

नाना : घातलं. शेवटी किरिग्वा-कोपानचं वैर कुठवर गेलं?

वसुधा : मिटलं. ८१० साली किरिग्वाच्या एका इमारतीवर कोपानच्या सोळाव्या राजाचं, याश पासाह चान योपातचं, नाव येतं. तो तिथल्या राजाबरोबर विधी करतोय. वैर मिटलं तेव्हा दोघांचंही तेल संपत आलं होतं. ८२२ ची तारीख असलेली कोपानची शेवटची वेदी अर्धवट कोरून सोडलीय. आता तुम्ही सांगा. तेराव्याचा गोपनीय अहवाल तुमच्याकडे आला असता, तर काय लिहिलं असतं?

नाना : सांस्कृतिक कार्य : अत्युत्कृष्ट. हाताखालच्या माणसांकडून काम करून घेण्याची हातोटी : उत्कृष्ट. हाताखालच्या माणसांवर देखरेख : असमाधानकारक. हद्दीवरची फिरती : नगण्य. एकूण प्रतिकूल शेरा.

वसुधा : प्रतिकूल शेऱ्यावर अपील करता येतं.

नाना : अपील ज्याचं त्यानं करायचं असतं. हा तर मेलेला.

वसुधा : त्याच्या वतीनं पंधराव्यानं केलं, २,२०० अक्षरांत. आणि सोळाव्यानं ७७६ साली ते निकाली काढलं. 'क्यू' वेदीवर सोळा राजे आहेत म्हटलं ना, त्यांत तेरावा आपल्या क्रमानं बसलाय. ना कमी उंचीचा, ना तोंड फिरवलेला. बाकीच्यांसारखीच मांडी, बाकीच्यांसारखंच आसन.

नाना : म्हणजे वरिष्ठांनी अपील मान्य केलं.

वसुधा : आणि तुम्ही?

नाना : मी शेरा कायम ठेवतो. पण बढतीला माझी हरकत नाही, असंही खाली लिहितो.